भिंतीआडच्या तारेचा माग

जुलै १८८१. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड व्हाइट हाउसमध्ये मृत्यूशी झुंजत होते. २ जुलैला झाडलेली गोळी शरीरातच रुतून बसली होती आणि क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. अशा वेळी टेलिफोनकार अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. भिंतीतली वायर हुडकणाऱ्या साधनांच्या घराण्याचा एक मूळपुरुष त्या खोलीत सापडतो.

बेल यांनी तारेची वेटोळी, बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडला. वेटोळ्यांचा तोल साधला की रिसीव्हर गप्प राही. जवळ धातू आला की तोल ढळे आणि आवाज उमटे. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये ही रचना मांडली होती. तिच्या मुळाशी होते फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन. जुन्या सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधून बेल यांनी यंत्राची परीक्षाही घेतली.

१ ऑगस्टला गारफिल्ड यांच्यावर यंत्र फिरवले तेव्हा मात्र आवाज नेमक्या जागी येईना. अंगाचा मोठा भागच बोलू लागला. पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय गोळी उजवीकडेच आहे, अशी डॉक्टरांची खात्री असल्याने शोधही तिकडेच चालला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली.

घरोघरी वीज आली तेव्हा तारा शोधाव्या लागत नव्हत्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर डोळ्यांना दिसायची. कन्सील्ड वायरिंग आले, पाइप प्लास्टरखाली गेले आणि साधी खुंटी ठोकणेही जोखमीचे झाले.

त्यावर हौशी मंडळींचा सोपा उपाय म्हणजे तीन ट्रान्झिस्टर एकामागून एक जोडायचे, पुढे तांब्याच्या तारेचा तुकडा, शेवटी एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. भिंतीतल्या वायरवर २३० व्होल्टचा दाब सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. त्याच्या विद्युत क्षेत्राने तांब्यात उमटणारा क्षीण प्रवाह ट्रान्झिस्टर वाढवतात आणि दिवा लागतो.

हे साधन बेल यांच्या यंत्रासारखे धातू शोधत नाही, विजेचा दाब ओळखते. म्हणून बंद केलेली वायर त्याला दिसत नाही, अर्थिंग केलेला लोखंडी पाइप तिला झाकतो आणि ओल्या भिंतीवर खूण पसरते. दिवा लागला नाही म्हणजे जागा निर्धोक आहे, असे समजू नका. वीज चालू ठेवून माग काढा, खूण करा, मग मेन स्विच बंद करूनच ड्रिल हाती घ्या.