चाकणहून जुन्नर: एका दिवसात काय पाहावं, कुठे जेवावं

भोसरी-चाकण पट्ट्यात आठवड्याला सुट्टी एकच मिळते. त्यात बाल-बच्च्यांना, बुजुर्गांना घेऊन लांबचा सफर जमत नाही. चाकणपासून साधारण 60 किलोमीटरवर असलेलं जुन्नर मात्र एका दिवसात आरामात होतं. 2018 मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं.

कसं जावं: नाशिक हायवेने राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव गाठायचं आणि तिथून डावीकडे वळायचं. पुण्याहून येणारी एसटी भोसरी, चाकणवरूनच जाते. फजरनंतर लगेच निघा, म्हणजे चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकणार नाही. ज्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यांना रविवारची गर्दीही लागत नाही.

शिवनेरी: छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी याच किल्ल्यावर झाला. पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे लागतात, त्यातल्या एकाचं नाव पीर दरवाजा. वाटेत शिवाई देवीचं मंदिर आहे. वर जन्मस्थानाची वास्तू, बदामी तलाव आणि दोन मिनारांना दगडी कमानीने जोडणारी कमानी मशीद आहे. एकाच गडावर हे सगळं उभं आहे, ते मुलांना जरूर दाखवा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे जोहर खाली गावातल्या मशिदीत अदा करावी. कड्यांना मधमाश्यांची मोहोळं असतात. म्हणून धूर करू नका आणि उग्र अत्तर लावून गडावर जाऊ नका.

हबशी घुमट: जुन्नरजवळ हापूसबागेत शेतांच्या मधोमध हा मोठा दगडी मकबरा आहे. त्याला सौदागर घुमटही म्हणतात. 1490 मध्ये मलिक अहमद यांनी निजामशाही सुरू केली ती जुन्नरमधूनच. पुढे हबशी वजीर मलिक अंबर यांनीही काही काळ राजधानी इथे आणली होती. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कारभारी झाला. मात्र त्यांची मजार इथे नसून खुलताबादला आहे. भिंतींवर नावं कोरू नका, मुलांनाही आधीच बजावून ठेवा. आपण जपलं तरच पुढच्या पिढीला हे पाहायला मिळेल.

वेळ असेल तर: लेण्याद्रीला डोंगरात कोरलेल्या तीसेक बौद्ध लेण्या आहेत, त्यातल्याच एकीत अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच थांबावं. नाणेघाट पश्चिमेला आणखी 30 किलोमीटर आहे. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी मार्ग. तिथला ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण पाहण्यासारखा आहे. नाणेघाटला जायचं असेल तर लेण्याद्री सोडून द्यावी लागेल.

जेवण: इथली खासियत म्हणजे मासवडी. नाव मासवडी असलं तरी त्यात मासा नसतो. बेसनात तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण भरून वड्या पाडतात आणि झणझणीत रस्सा, बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. शाकाहारी असल्याने हलालचा सवालच येत नाही. नारायणगाव-जुन्नरच्या बऱ्याच खानावळींत ती मिळते. मटण-चिकन हवं असेल तर हायवेवर नुसती ‘फॅमिली’ची पाटी पाहून बसू नका. आत बारही असू शकतो, आधी विचारून घ्या. जुन्नरमध्ये मुस्लिम वस्ती जुनी आहे. मशिदीजवळ चौकशी केली की हलाल जेवण कुठे मिळतं ते कळतं. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर येताना रस्त्याकडेची काळी द्राक्षं घ्यायला विसरू नका.