एक बार, 43 चित्रं

कवायत म्हटलं की आपल्याला शाळेचं मैदान आठवतं. सावधान, विश्राम, डावा-उजवा. पण तिचं आजचं रूप घडलं ते बंदुकीमुळे. शब्दच बघा ना. अरबीत ‘कायदा’चं अनेकवचन ‘कवाइद’, त्यावरून आपली कवायत. म्हणजे नियम.

चला, 1590 च्या दशकातल्या नेदरलँड्समध्ये जाऊ. डच लोक स्पेनच्या राजाशी लढतायत. शिपायाकडे तोड्याची बंदूक आहे. डाव्या हातात बंदूक, त्याच हाताच्या बोटांत तोडा, म्हणजे धुमसती वात, आणि छातीवर दारूच्या लाकडी नळकांड्या. ठिणगी आणि दारू यांच्यात अंतर किती? वीतभर. तोडा बाजूला न धरता दारू ओतली, तर स्वतः गेलाच, शेजारचाही जायचा.

डच फौजेचा सेनापती होता नासाउचा मॉरिस. त्याचा चुलतभाऊ विल्यम लुई यानं डिसेंबर 1594 मध्ये त्याला एक पत्र लिहिलं. रोमन काळातला युद्धग्रंथ वाचून त्याला युक्ती सुचली होती. पहिली रांग बार काढेल आणि मागे जाऊन पुन्हा भरेल, तोवर दुसरी रांग पुढे येईल. मारा थांबायचाच नाही! पण त्यासाठी सगळ्यांचे हात एकाच क्रमानं चालायला हवेत. एक जण अडखळला की साखळी तुटली.

म्हणून बार भरण्याच्या कामाचे बारीक तुकडे पाडले गेले. याकोब दे गेइन या चित्रकारानं ते रेखाटले आणि 1607 मध्ये पुस्तक आलं. हलक्या बंदुकीची 42 चित्रं, जड मस्केटची 43, लांब भाल्याची 32. तोडा फुंका. रंजक भरा. सांडलेली दारू उडवा. गज काढा. एका चित्राला एक हुकूम. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं.

याचा फायदा काय झाला? शेजारचा पडला तरी शिपायाचे हात थांबेनात, कारण पुढची पायरी हातांना पाठ होती. पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बार कधी काढायचा, हे ठरवणं शिपायाकडे उरलं नाही. ते हुकूम देणाऱ्याकडे गेलं.

त्याची किंमत आपल्याकडे दिसली. महादजी शिंद्यांनी डी बॉईनकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. 1790 मध्ये पाटण आणि मेडता इथं त्या जिंकल्या. पण वरचे अधिकारी बहुतेक युरोपियन. 1803 मध्ये कंपनीशी युद्ध पेटलं आणि शिंद्यांच्या नोकरीतले बरेच इंग्रज अधिकारी चालते झाले. तरीही 23 सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, या पलटणी उभ्या राहिल्या. वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. लढाई मात्र शिंदे हरले.

हरण्याची कारणं अनेक आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, हात आपले तयार होते, हुकूम देणारे आपले नव्हते.

भेटू पुढच्या भागात!