खर्च आवरला, तरी क्लब टिकतोच का? मुंबई एफसीच्या नऊ हंगामांचा हिशोब

मैलूर (बीदर) : खालच्या लीगमध्ये जिंकून वरच्या लीगमध्ये गेलेल्या फुटबॉल क्लबसमोर पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रश्न येतो. हातात पैसा थोडा, समोरचे संघ तगडे. मग कर्ज काढून मोठे खेळाडू आणायचे, की आहे त्या पोरांवर भागवून निदान खाली घसरायचं नाही एवढंच बघायचं? आपल्याकडं गल्लीतल्या स्पर्धेतसुद्धा हेच होतं. एका कपासाठी हैदराबादहून चार खेळाडू आणायचे, त्यांचं लॉज, जेवणखाण, मानधन भागवायचं, आणि पुढच्या वर्षी बॉल आणायला परत वर्गणी मागत फिरायचं.

मी बी.कॉम. झालेला माणूस, त्यामुळं स्कोअरच्या आधी जमाखर्च बघायची खोड आहे. त्या नजरेनं बघितलं तर आपल्या भाषेच्या मुलुखात या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मुंबई एफसी. आयएसएलमधला मुंबई सिटी एफसी नव्हे, तो वेगळा. हा क्लब आता नाही.

बढती आणि पहिली वर्षं

मुंबई एफसी २००७ साली निघाला. मालक एस्सेल समूह, म्हणजे झी वाहिन्यांचं घराणं. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्लिश गृहस्थ. २००८ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळालं आणि २००८-०९ पासून क्लब देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळू लागला. त्या वर्षी लीग १० संघांवरून १२ वर नेली होती. त्यामुळं मुंबईसोबत चिराग युनायटेड, मोहम्मेडन स्पोर्टिंग आणि वास्को हेही वर आले.

२००९ मध्ये क्लबनं संघ खालिद जमील यांच्या हातात दिला. वय अवघं ३२. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, २००७ ला मुंबई एफसीत आलेले, पण दुखापतीनं खेळ थांबलेला. बाहेरून नावाजलेला प्रशिक्षक आणायच्या ऐवजी घरातलाच माणूस बसवला. यात पैसाही वाचला आणि नशीबही निघालं. २०१६ पर्यंत, म्हणजे सात हंगाम, तेच प्रशिक्षक होते. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला सात हंगाम एका खुर्चीवर बसू देणं ही फार दुर्मिळ गोष्ट.

खेळ कसा होता? खरं सांगायचं तर रटाळ. आधी गोल खाऊ नका, मग बघू. बरोबरी मिळाली तरी चालेल, एक गुण घरी घेऊन या. कोलकाता आणि गोव्याच्या क्लबांनी ठेवलेले किंवा सोडलेले खेळाडू, मुंबईच्या स्थानिक लीगमधली पोरं आणि मोजके परदेशी, यांच्यावर संघ उभा असायचा. विजेतेपदाच्या गोष्टी कुणी करत नव्हतं. पण २००८ पासून सलग आठ हंगाम हा क्लब खाली घसरला नाही. त्याच्यासोबत वर आलेल्यांपैकी मोहम्मेडन आणि वास्को पहिल्याच हंगामानंतर परत खाली गेले, हे लक्षात घेतलं की त्या बरोबरीच्या एका गुणाची किंमत कळते.

त्यात घरचं मैदानही कायम हाताशी नव्हतं. कूपरेज बंद होतं तेव्हा काही हंगाम 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. दीडशे किलोमीटरवरच्या घरच्या मैदानाला मुंबईतून किती प्रेक्षक येणार? तिकिटाचं उत्पन्न म्हणजे जवळजवळ शून्य. ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे.

आवरता खर्च म्हणजे नेमकं काय

काटकसर म्हणजे स्वस्त खेळाडू घेणं असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. क्लबचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा, आणि पगार एकदा वाढवला की कराराची मुदत संपेपर्यंत खाली येत नाही. संघ खाली घसरला, प्रायोजक गेला, तरी करार तसाच राहतो. म्हणून शहाणा प्रमोटेड क्लब तीन गोष्टी बघतो. मूळ पगार कमी आणि जिंकल्यावर बोनस जास्त. मोठ्या क्लबातले बाकावर बसलेले खेळाडू लोनवर, म्हणजे तात्पुरते मागून घेणं. आणि संघ घसरला तर पगार इतका कमी होईल अशी अट करारातच घालणं. युरोपात ही शेवटची अट सर्रास असते.

दुसरा खर्च प्रवासाचा. आय-लीगमध्ये मुंबईच्या संघाला शिलाँग, ऐझॉल, कोलकाता, गोवा असं फिरावं लागायचं. हा खर्च लहान क्लबला आणि मोठ्या क्लबला सारखाच. तिथं काटकसर करायची म्हटलं तर खेळाडू आदल्या रात्री पोचतात आणि थकलेल्या पायांनी खेळतात.

तिसरी गोष्ट लायसन्सची. एएफसीच्या नियमांप्रमाणं क्लबला खेळ, मैदान-सुविधा, प्रशासन, कायदेशीर बाबी आणि आर्थिक बाबी अशा पाच कसोट्यांवर दरवर्षी पास व्हावं लागतं. युवा संघ चालवणं आणि खेळाडूंची थकबाकी नसणं हे त्यातच येतं. मैदानावर टिकलेला क्लब कागदावर बाद होऊ शकतो. २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्स, युनायटेड स्पोर्ट्स क्लब (म्हणजेच जुना चिराग युनायटेड) आणि रांगडाजिएद या तीन संघांना लायसन्सच्या कारणावरूनच आय-लीगबाहेर काढलं होतं. चर्चिल तर २०१२-१३ च्या हंगामाचा विजेता.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून घसरणाऱ्या क्लबला काही वर्षं 'पॅराशूट पेमेंट' मिळतं, म्हणजे पडताना हातात छत्री. आपल्याकडं तसलं काही नाही. पडलं की थेट जमिनीवर.

मग मुंबई एफसी गेला कसा?

२०१६ चा उन्हाळा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आयएसएलला देशाची मुख्य लीग करायचा आणि आय-लीगला खाली ढकलायचा आराखडा पुढं आणला. याच्या निषेधात गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. संघ कमी पडू लागले, म्हणून नुकताच घसरलेला मिझोरामचा ऐझॉल एफसी परत आत घेतला गेला. ऐझॉल स्वतः २०१५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला, गाठीला पैसा फारसा नसलेला क्लब. त्याच वेळी मुंबई एफसीनं खालिद जमील यांना सोडलं आणि ते ऐझॉलला गेले.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी करून ऐझॉल देशाचा विजेता झाला. शेवटी लागली ती पण बरोबरीच! आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून घसरला.

घसरणं हा काही मृत्यू नव्हे. एक वर्ष खाली खेळून परत येता येतं. पण मालकांनी संघच बंद केला. आठ हंगाम पै-पै बघून चालवलेला क्लब नवव्या हंगामानंतर एका निर्णयानं मिटला.

मला यात हिशोबाची चूक दिसते ती खर्चाच्या बाजूला नाही, जमेच्या बाजूला आहे. खर्च आवरलेला होता, पण जमा एकाच खिशातून येत होती. तिकीट नाही, स्वतःचं मैदान नाही, सभासद नाहीत, विकून पैसे येतील अशी अकादमीतली पोरं नाहीत. कंपनीच्या वहीत क्लब म्हणजे जाहिरातखर्चाची एक ओळ. सर्वोच्च लीगमध्ये असेपर्यंत त्या ओळीला अर्थ होता, खाली गेल्यावर ती खोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हा एकटा नव्हे. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. पुणे एफसी, अशोक पिरामल समूहाचा, दुसऱ्या डिव्हिजनमधून वर येऊन २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आलेला, २०१५ ला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला बाहेर. एका महाराष्ट्रात इतके. यातला कुठलाही संघ गल्लीतल्या वर्गणीवर चालत नव्हता, सगळ्यांच्या मागं मोठी घराणी होती.

धेंपोचा वेगळा रस्ता

गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लबही एका उद्योग घराण्याचाच. पाच वेळा राष्ट्रीय विजेता : २००४-०५ आणि २००६-०७ ला नॅशनल फुटबॉल लीग, नंतर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ला आय-लीग. २०१४-१५ ला हाच क्लब घसरला. गंमत म्हणजे शेवटचा नंबर भारत एफसीचा होता, पण थेट प्रवेश घेतलेल्या नव्या संघाला घसरणीतून सूट होती, म्हणून कुऱ्हाड धेंपोवर पडली. पुढच्या वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून ते परत वर आले आणि वर सांगितल्याप्रमाणं स्वतःहूनच बाहेर पडले.

इथं फरक बघा. राष्ट्रीय लीग सोडली, पण क्लब मोडला नाही. गोव्याची लीग चालू ठेवली, युवा संघ चालू ठेवले, प्रवासाचा आणि परदेशी खेळाडूंचा खर्च वाचवला. आठ वर्षांनी, २०२३-२४ च्या आय-लीग २ मधून बढती घेऊन धेंपो परत आय-लीगमध्ये आला. प्रशिक्षक समीर नाईक, क्लबचेच जुने बचावपटू. २०२४-२५ चा हंगाम त्यांनी न घसरता काढला. त्यांच्यासोबतच, किंबहुना त्यांच्या वर पहिल्या नंबरानं बढती मिळवलेला आपल्या कर्नाटकाचा स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू मात्र एका हंगामातच परत खाली गेला.

आपल्या दारात

बीदरच्या लोकांना हे सगळं लांबचं वाटेल, पण तसं नाही. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, आणि त्या काळचं हैदराबाद सिटी पोलीस म्हणजे देशातला दादा संघ. १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकलेला. त्यांचे प्रशिक्षक एस. ए. रहीम यांनी १९५६ ला मेलबर्नमध्ये भारताला ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत नेलं. तेव्हा खेळाडूचा पगार पोलीस खातं द्यायचं, हंगाम वाईट गेला तरी नोकरी जात नव्हती. क्लब टिकायचं ते खरं कारण.

आता हैदराबाद एफसी बघा. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. २०२१-२२ ला विजेतेपद. २०२३-२४ ला पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, संघ तळाला. २०२५ ला तो दिल्लीला गेला, नावही बदललं, स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्यात मिटलेली, हैदराबादेत चॅम्पियन झालेली जागा आता दिल्लीत.

आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये बढती मिळालेल्या पहिल्या दोन क्लबांतही हाच फरक दिसतो. पंजाब एफसी २०२३ ला वर गेला, अकादमीतली पोरं खेळवली, पहिल्या हंगामात आठवा आला. कोलकात्याचा मोहम्मेडन २०२४ ला गेला. शंभर वर्षांहून जुना क्लब, लाखो चाहते, पण पहिल्याच हंगामात पगार थकले, प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशॉव्ह जानेवारी २०२५ मध्ये पगाराचं कारण देऊन सोडून गेले, खेळाडूंनी सरावाला दांडी मारली आणि संघ शेवटचा आला. म्हणजे नुसता चाहता असूनही भागत नाही. चाहत्याचा पैसा क्लबच्या गल्ल्यात यायची सोय लागते.

आपल्या भागातल्या एखाद्या क्लबनं उद्या वर जायचं ठरवलं तर पहिला हिशोब बीदर ते बेंगळुरू सातशे किलोमीटरचा येईल, कारण राज्याच्या वरच्या डिव्हिजनचे सामने तिकडंच होतात. वीस-बावीस जणांचं जाणं-येणं, दोन रात्रींचा मुक्काम, दर सामन्याला. बाहेरच्या खेळाडूंचं मानधन ठरवण्याआधी हा आकडा कागदावर मांडून बघावा, आणि त्याच्या समोरच्या रकान्यात कुणाचं नाव आहे तेही. एकच नाव असेल तर अजून दोन-चार नावं मिळेपर्यंत जिल्ह्यातच खेळावं.

खालिद जमील ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. मुंबई एफसी ज्या कूपरेजवर खेळायचा, ते मैदान आहे तिथंच आहे.