एका तबकडीची बखर

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस राजवाड्यांनीं एक गोष्ट पक्की शिकवून ठेविली आहे: बखर गोडीनें वाचावी, पण भरंवसा ठेवावा तो अस्सल कागदावर. बखर घटनेमागून लिहिली जाते. लिहिणाराला शेवट ठाऊक असतो, आणि त्या शेवटाच्या उजेडांत मागच्या साऱ्या गोष्टी त्याला एकाच दिशेनें चालतांना दिसूं लागतात. हा विवेक आम्ही आजवर पत्रें, महजर व जमाखर्चाचे कागद ह्यांच्यापुरताच वापरीत आलों. परवां संग्रहांतील एक जुनी आवडती इंग्रजी तबकडी पुष्कळ वर्षांनीं पुन्हां लाविली, तेव्हां तो तेथेंही कसा उपयोगी पडतो हें ध्यानांत आलें. ही तबकडी म्हणजे डीप पर्पल ह्या इंग्रज मंडळीची 'मशीन हेड'. ती 1972 च्या मार्चमध्यें निघाली.

ज्या वाचकांचा ह्या संगीताशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम फुटेपर्यंत वाढवावयाचा आणि त्याच्याखालीं बास व ड्रम ह्यांचा जड ठेका ठेवावयाचा, ह्या रीतीच्या गायनवादनास हार्ड रॉक म्हणतात. 1970 च्या सुमारास इंग्लंडांत तें भरास आलें. डीप पर्पलमध्यें तेव्हां पांच जण होते: गिटारीवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयन पेस आणि गावयास इयन गिलन. ऑर्गन मराठी श्रोत्याला परका नाहीं. संगीत नाटकाच्या ऐन बहरांत तो आमच्या पदांची साथ करीत असे. लॉर्डनें मात्र आपला हॅमंड ऑर्गन गिटारीसाठीं बनविलेल्या मार्शल ध्वनिवर्धकांतून वाजविला, आणि त्या सोज्वळ वाद्याला असा कांहीं खर्जांतला, घसा बसल्यासारखा आवाज फुटला कीं, गिटार कोठें संपली व ऑर्गन कोठें सुरू झाला हें पुष्कळदां कळत नाहीं. ज्यांना हा सारा निव्वळ कल्लोळ वाटतो त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. आमच्या घरांतच ह्या बाबतींत दोन तट आहेत.

आतां बखर काय सांगते तें पाहूं. 1971 च्या डिसेंबरांत ही मंडळी स्वित्झर्लंडांत जिनीव्हा सरोवराकांठीं माँट्रू गांवीं आली. तेथील कसिनोच्या नाट्यगृहांत तबकडीचें ध्वनिमुद्रण व्हावयाचें होतें. हिवाळ्यासाठीं कसिनो बंद होण्यापूर्वींचा कार्यक्रम 4 डिसेंबर रोजीं फ्रँक झॅपा ह्या अमेरिकन संगीतकाराचा होता. तो रंगांत आला असतां प्रेक्षकांतील कोणीं तरी इशाऱ्याची ज्योत उडविणारें पिस्तूल छताकडे झाडलें. छताला वेतकाम होतें, तें पेटलें. माँट्रूच्या जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नॉब्ज ह्यांनीं धांवपळ करून लोकांस बाहेर काढण्यास मदत केली, आणि एवढी थोरली इमारत जळून गेली तरी कोणी दगावलें नाहीं. झॅपाचीं वाद्यें मात्र गेलीं. धूर सरोवराच्या पाण्यावर पसरत गेला. कांहीं दिवसांनीं ग्लोव्हर झोंपेंतून उठला तो चार शब्द ओठांवर घेऊनच: 'स्मोक ऑन द वॉटर', पाण्यावरचा धूर. त्या शब्दांभोवतीं गाणें झालें, गाण्यानें तबकडी झाली, आणि तबकडीनें मंडळी अजरामर झाली. इति बखर.

ह्या बखरींतील घटना खऱ्या आहेत. शिवाय ती प्रत्यक्ष पाहणारांनींच, थोड्याच दिवसांत रचिलेली आहे. गाण्यांत नॉब्ज आहेत, झॅपा आहे, ध्वनिमुद्रणाची गाडी आहे, गारठलेलें हॉटेलही आहे. एवढ्या प्रामाणिक बखरी आमच्याकडे फार थोड्या. बिघाड आहे तो तिच्या शेवटच्या वाक्यांत. आगीनें तबकडी झाली नाहीं. आगीनें एका गाण्याला शब्द दिले. आणि पुढें त्या गाण्यानें तबकडी गिळली.

अस्सल कागद येथें ती तबकडीच होय. तिची पहिली बाजू 'हायवे स्टार' ह्या गाण्यानें सुरू होते. हें गाणें आगीपूर्वीं जवळजवळ तीन महिने, 1971 च्या सप्टेंबरांत, पोर्टस्मथच्या कार्यक्रमास जातांना बसमध्यें सुचलें. तुम्ही गाणीं रचतां तरी कशीं, असें एका वार्ताहरानें विचारलें. ब्लॅकमोरनें उत्तरादाखल हातांतल्या गिटारीवर एकच सूर घोळविण्यास आरंभ केला आणि गिलननें त्यावर शब्द टाकले. म्हणजे माँट्रूस येईपर्यंत तें रंगमंचावर मुरलेलें होतें. त्यांतील गिटारीचें एकलवादन लक्ष देऊन ऐकावें: बाखच्या धाटणीचे स्वरसंघ एकामागून एक हिशेबानें मांडले आहेत. आयत्या वेळीं, धुराच्या वासांत, असें काम होत नसतें. ह्याच पांचांनीं 1969 मध्यें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलांत लॉर्डचा कॉन्चेर्तो रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह वाजविला होता. 1970 मध्यें 'इन रॉक' काढून त्यांनीं आपला आवाज ठरविला. पुढली 'फायरबॉल' दौऱ्यांच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनीं मुद्रित झाली, आणि तो तुटकपणा तिच्यांत ऐकूं येतो. म्हणून ह्या खेपेस एके ठिकाणीं बसावयाचें, स्टुडिओ टाळावयाचा, रंगमंचावर वाजवितों तसेंच वाजवावयाचें, असा बेत झाला आणि रोलिंग स्टोन्स मंडळीची ध्वनिमुद्रणयंत्रें बसविलेली गाडी भाड्यानें घेण्यांत आली. हा सारा बेत आगीपूर्वींचा.

मग आगीनें काय केलें? जागा हिरावून घेतली. प्रथम गांवांतील पाव्हिलियन नांवाचें नाट्यगृह मिळालें. तेथें रात्रीं एका नव्या चालीचें मुद्रण चाललें असतां शेजारीपाजारी झोंपमोडीनें खवळले व पोलीस आले. बाहेर पोलीस दार ठोठावीत आहेत, आंतून मंडळीचीं माणसें तें धरून उभीं आहेत, आणि तेवढ्यांत वादन पुरें करून घेतलें जात आहे, असा तो प्रसंग. हीच पुढें 'स्मोक ऑन द वॉटर' ची चाल. पण त्या रात्रीं तिला शब्द नव्हते कीं नांव नव्हतें. ब्लॅकमोरनें बोटांनीं छेडलेल्या त्या चार स्वरांच्या चालींत ज्यांना ज्वाळा व धूर दिसतात, त्यांना ते शब्दांनीं मागाहून दाखविलेले आहेत.

पाव्हिलियन सुटल्यावर हिवाळ्यापुरतें बंद असलेलें ग्रँड हॉटेल घेतलें. ओसाड इमारत, कडाक्याची थंडी. बोळांत गाद्या उभ्या करून आवाज अडविला. गाडी बाहेर, वाजविलेलें ऐकावयास तिच्यापर्यंत जाणें म्हणजे खोल्या, न्हाणीघरें नि सज्जे ओलांडीत केलेला द्राविडी प्राणायाम. थोड्याच वेळांत मंडळीनें तो नाद सोडिला. मुद्रक मार्टिन बर्च ठीक म्हणाला कीं पुढचें काम. 6 ते 21 डिसेंबर, अशा सोळा दिवसांत सर्व आटोपलें. आमच्या मतें आगीचें खरें ऋण असेल तर तें येथें आहे. पुन्हां पुन्हां ऐकून घासूनपुसून घेण्याची सोय तिनें काढून घेतली, आणि जें आधींच तयार होतें तें ताजेपणीं तबकडीवर उतरलें. तयारी नसती तर त्याच गारठ्यांत नुसती सर्दी पदरांत पडली असती.

ह्याच सरोवराच्या कांठीं, माँट्रूजवळ, शियाँचा किल्ला आहे. 1816 च्या जूनमध्यें बायरन तो पाहून निघाला, लोझानपाशीं उशी येथें पावसानें अडकून पडला, आणि त्या मुक्कामांत त्यानें 'द प्रिझनर ऑफ शियाँ' लिहिलें. इंग्रजी काव्याच्या वर्गांत ही हकीगत पावसाकडे अर्धें श्रेय देऊन सांगण्याची चाल आहे. त्याच पावसांत शेलीही अडकला होता. त्याच्या हातून तें काव्य झालें नाहीं.

हें कळावयास जुनी तबकडीच कशाला पाहिजे, असें कोणी विचारील. लाखेच्या दिवसांत तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई आणि तीन-चार मिनिटांत संपे. अब्दुल करीम खांसाहेबांचा ख्यालही त्या मापांत आंखडून बसवावा लागला. 1948 मध्यें अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें व्हिनिलची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लांब तबकडी आणिली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें मावूं लागलीं. 'मशीन हेड' त्या मापाला बेतलेली आहे. पहिल्या बाजूवर चार गाणीं, सुमारें वीस मिनिटें; दुसरीवर तीन, साडेसतरा मिनिटें. 'स्मोक' दुसऱ्या बाजूच्या तोंडाशीं आहे. त्याच्यापर्यंत पोंचावयाचें तर उठावें लागतें, तबकडी उलटावी लागते, आणि तोंवर हे पांच जण कोण आहेत हें कानांत पुरतें मुरलेलें असतें. 'पिक्चर्स ऑफ होम' मध्यें तर पेसच्या ड्रमपासून ग्लोव्हरच्या बासपर्यंत एकेकाला बोलावयास अवसर मिळतो. गाणें संपल्यासारखें होतें व पुन्हां उठतें. आम्हांस ह्या तबकडींतील हेंच सर्वांत आवडतें. उलटल्यानंतरचें 'लेझी' सात मिनिटांचें. लॉर्ड त्याचा आरंभ एखाद्या सावकाश जाग्या होणाऱ्या माणसासारखा करतो, आणि गिलन मध्येंच माउथऑर्गन काढतो. 'मेबी आय ॲम अ लिओ' भरीचें वाटलें, पूर्वींही वाटे. सीडी आली तेव्हां 'स्मोक' पांचवें गाणें झालें. आतां फोनवर तें एकटेंच येतें, आगापीछा नसलेल्या माणसासारखें.

1995 च्या एप्रिलांत डीप पर्पल मुंबईस आली. त्या कार्यक्रमाचें मुद्रण पुढें 'बॉम्बे कॉलिंग' ह्या नांवानें निघालें. त्या वेळीं ब्लॅकमोर मंडळींत नव्हता. श्रोत्यांना वाट होती ती त्या चार स्वरांचीच, आणि ते वाजले तेव्हां आमच्या शेजारच्या तरुणांनीं 'आतां खरा कार्यक्रम सुरू झाला' असें म्हटलें. आम्हीही तेव्हां तरुणच होतों, आणि मोठ्यानें ओरडलों.

मंडळीचा स्वतःचा अंदाज काय होता? गाजेल म्हणून त्यांनीं निवडलें तें 'नेव्हर बिफोर'. तें स्वतंत्र छोट्या तबकडीवर काढिलें. फारसें चाललें नाहीं. त्याच्या मागच्या बाजूस 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हें संथ, करुण गाणें टाकलें होतें. तें त्याच मुद्रणांतलें असून मोठ्या तबकडींतून गाळण्यांत आलें. कां गाळलें असा प्रश्न ऐकणारास पडल्यावांचून राहत नाहीं. 'स्मोक' वर्षभर स्वतंत्र निघालेंच नाहीं. 1973 मध्यें अमेरिकेंत तें तसें काढण्यांत आलें आणि जुलैअखेर तेथील यादींत चौथ्या क्रमांकास पोंचलें. गिलन व ग्लोव्हर ह्यांनीं 29 जून रोजीं जपानांत ओसाका येथें मंडळीचा निरोप घेतला होता. ज्यानें तें गाइलें तो आणि ज्याला झोंपेंत त्याचें नांव सुचलें तो, दोघेही तोंवर डीप पर्पलमध्यें राहिले नव्हते.