पट वर, सोंगट्या खाली

खेळणी ठेवायची पेटी आणि तिच्यावरच खेळायची जागा, ही टू-इन-वन आयडिया आजकालच्या फर्निचरवाल्यांची वाटते ना? पण ती निदान ३,३०० वर्षं जुनी आहे बरं का!

१९२२ साली हॉवर्ड कार्टरला इजिप्तमध्ये तुतनखामूनची कबर सापडली. हा राजा ८-९ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि १८-१९व्या वर्षी गेला. कबरीत त्याची लहानपणची छोटी खुर्ची होती, आणि खेळाच्या पेट्याही. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पेटीवर 'सेनेट'ची ३० घरं, उलटी केली की २० घरांचा दुसरा खेळ, आणि सोंगट्यांसाठी आतच एक खण. एक सोंगटी हरवली तरी डाव अडतो, मग जिथे खेळायचं तिथेच ठेवायचं. साधं लॉजिक!

पण नेमक्या याच पेटीतल्या सोंगट्या गायब होत्या. सोन्याचांदीच्या असाव्यात, चोरांनी नेल्या असाव्यात, असा कार्टरचा तर्क. मला मात्र त्या जगप्रसिद्ध सोन्याच्या मुखवट्यापेक्षा हा रिकामा खण जास्त चटका लावतो. डाव संपल्यावर त्या पोराने सोंगट्या इथेच तर टाकल्या असतील.