डीआयपीजी : मुलांच्या मस्तिष्कस्तंभातील कर्करोग

मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागात, म्हणजे सेतूत, ग्लिया पेशींपासून उद्भवणारे उग्र अर्बुद. डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा या नावाच्या आद्याक्षरांवरून ते डीआयपीजी म्हणून ओळखले जाते. रुग्ण बहुधा पाच ते दहा वर्षांची मुले असतात. डोळा तिरळा होणे, एकाचे दोन दिसणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे बहुतेकदा काही आठवड्यांतच बळावतात. अर्बुदाच्या पेशी सेतूतील चेतातंतूंच्या मधोमध पसरलेल्या असल्याने शस्त्रक्रियेने ते काढता येत नाही. अंतराळवीर नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरेन १९६२ मध्ये सेतूतल्या अर्बुदाने दगावली. तिला किरणोपचार दिले होते. आजही मुख्य उपचार तोच आहे. साधारण सहा आठवड्यांत ५४ ग्रे मात्रा दिली की लक्षणे ओसरतात, आयुष्य काही महिन्यांनी वाढते आणि बहुतेक मुलांत अर्बुद पुन्हा वाढू लागते.

जगण्याचे आकडे मात्र बारकाईने वाचावे लागतात. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील १,१३० रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यक आयुष्य ११ महिने निघाले; एक वर्षानंतर सुमारे ४२ टक्के, दोन वर्षांनंतर जेमतेम १० टक्के आणि पाच वर्षांनंतर सुमारे २ टक्के मुले हयात होती. उपचार जवळजवळ सारखेच असताना एक मूल सहा महिन्यांत जाते आणि दुसरे तीन वर्षे जगते, हे कशामुळे? अधिक जगलेल्यांत तीन वर्षांखालील आणि दहा वर्षांवरील मुलांचे प्रमाण जास्त होते, निदानापूर्वी त्यांची लक्षणे जास्त काळ टिकलेली होती आणि त्यांच्या अर्बुदांत एका विशिष्ट प्रकारचे उत्परिवर्तन अधिक वेळा सापडले. या तिन्ही खुणा अर्बुदाच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. आजवरच्या कोणत्याही औषधापेक्षा या स्वभावानेच आयुर्मर्यादा जास्त ठरवली आहे.

तो स्वभाव उलगडला २०१२ मध्ये. पेशीतील डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि या प्रथिनांवरील रासायनिक खुणांवरून कोणते जनुक उघडे राहील, कोणते मिटेल हे ठरते. मेम्फिसमधील सेंट ज्यूड रुग्णालय आणि माँट्रियलचे मॅकगिल विद्यापीठ येथील संशोधकांच्या स्वतंत्र अभ्यासांत एच३ हिस्टोनच्या २७ व्या स्थानी लायसिनऐवजी मेथिओनिन आढळले. सुमारे ८० टक्के डीआयपीजींत हा बदल असतो. त्याने पीआरसी२ हे विकरसंकुल निकामी होते, मिटायला हवी होती ती जनुके उघडी राहतात आणि पेशी अपक्व अवस्थेतच विभागत राहते. बदल एच३ च्या एच३.३ या उपप्रकारात असेल तर मध्यक आयुष्य सुमारे १० महिने, एच३.१ या उपप्रकारात असेल तर सुमारे १५ महिने. एच३.१ प्रकार लहान वयात अधिक दिसतो आणि बरेचदा त्याच्या जोडीला एसीव्हीआर१ जनुकातील उत्परिवर्तन असते. (स्नायूंचे हाडात रूपांतर करणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचे कारणही हेच जनुक.) जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून या अर्बुदांचे वर्गीकरण हिस्टोनमधील बदलावरूनच केले आहे.

अर्बुदाचा स्वभावच आयुर्मर्यादा ठरवतो, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की दीर्घकाळ जगलेल्यांना डीआयपीजी नव्हताच, निदान चुकले होते. जुन्या मालिकांच्या बाबतीत तो रास्त आहे. पण नोंदवहीत स्कॅनची फेरतपासणी तज्ज्ञांनी मध्यवर्ती पातळीवर केली होती आणि तरीही फरक उरला. दुसरा आक्षेप स्थानाचा: श्वास-गिळण्याची केंद्रे शेजारी आणि औषधाला अडवणारा रक्त-मेंदू अडथळा, मग जनुकांना काय महत्त्व? स्थान घातक आहेच. पण दोन्ही प्रकारांत सेतू तोच असतो, त्यामुळे त्यांच्यातील पाच महिन्यांचा फरक स्थानाने समजत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. उपचार बदलणार नसेल, तर मुलाच्या मस्तिष्कस्तंभात सुई कशाला घालायची? पॅरिसच्या नेकर रुग्णालयाने २०१५ मध्ये १३० बायॉप्सींचा अनुभव मांडला; एकही मृत्यू झाला नव्हता आणि तात्पुरता चेताबिघाड चार टक्क्यांहून कमी मुलांत झाला. अनुभवी केंद्रात धोका कमी असतो, हे एवढ्याने दिसते. फायदा दिसतो तो औषधचाचण्यांत. तुलनागट नसलेल्या छोट्या चाचणीत एच३.१ ची मुले योगायोगाने जास्त आली, तर निरुपयोगी औषधही गुणकारी भासेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २० मुलांना किरणोपचारांसोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिले आणि लाभ झाला नाही, असे २०१० मध्ये स्पष्ट सांगितले; असे प्रामाणिक नकारही मोलाचे असतात.

नव्या औषधांबाबतही हीच सावधगिरी हवी. हिस्टोन-बदल असलेल्या मध्यरेषेतील ग्लायोमा पुन्हा वाढल्यास वापरण्यासाठी डॉर्डाव्हिप्रोनला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये त्वरित मान्यता मिळाली. ५० रुग्णांपैकी २२ टक्क्यांत अर्बुद आकसले, पण त्या ५० जणांत सेतूतील अर्बुदांचे रुग्ण नव्हते. स्टॅनफर्डच्या जीडी२ कार-टी पेशी उपचारात (यात बदल केलेल्या रोगप्रतिकारक पेशी रुग्णाला देतात) ११ पैकी एका रुग्णाचे अर्बुद स्कॅनवर पूर्ण नाहीसे झाले. संख्या लहान, तरी अशी घटना या रोगात विरळाच. खात्रीचे औषध मिळेपर्यंत किरणोपचारांचे वेळापत्रक ठरवताना रुग्णालयात जाणाऱ्या दिवसांचाही हिशेब व्हावा. कैरोतील २५३ मुलांच्या चाचणीत १३ सत्रांत ३९ ग्रे देण्याची पद्धत नेहमीच्या ३० सत्रांच्या पद्धतीहून कमी ठरली नाही.