ताओ म्हणजे मार्ग

इ. स. ६४७ मध्यें चीनचा सम्राट तायत्सुंग यानें एका बौद्ध भिक्षूवर मोठी विलक्षण कामगिरी सोंपविली. हा भिक्षु म्हणजे ह्युएनत्संग. हर्षवर्धनाच्या दरबारीं मान पावलेला व पुलकेशीच्या महाराष्ट्रांतून फिरून गेलेला हा प्रवासी आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कामरूपच्या भास्करवर्मा राजानें लाओत्से या चिनी तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाची मागणी केली होती, आणि तो ग्रंथ संस्कृतांत उतरविण्याची ही कामगिरी होती. भाषांतरास आरंभ होतांच वाद उपस्थित झाला. ग्रंथांतील मुख्य शब्द 'ताओ' हा; त्यास संस्कृत प्रतिशब्द कोणता द्यावा? ताओपंथी पंडित म्हणत, 'बोधि' द्यावा. ह्युएनत्संग म्हणे, 'मार्ग' द्यावा. तें भाषांतर आज उपलब्ध नाहीं. वादाची नोंद मात्र राहिली आहे.

ह्युएनत्संगाचा शब्दच मला अधिक समर्पक वाटतो. मार्ग हा चालण्यासाठीं असतो. तो कोणास घरीं नेऊन पेटींत ठेवतां येत नाहीं. ताओमताच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासांत त्यास मार्ग मानून चालणारे लोक झाले, आणि त्यास आपल्या मालकीची वस्तु करूं पाहणारेही झाले. आज या दोघांची हकीकत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

लाओत्सेविषयीं खात्रीची माहिती फार थोडी आहे. इ. स. पूर्व १०० च्या सुमारास सु-मा च्येन या इतिहासकारानें त्याचें चरित्र लिहिलें. त्यावरून तो चौ राजांच्या ग्रंथभांडाराचा रक्षक होता. राज्यास उतरती कळा लागलेली पाहून तो पश्चिमेकडे निघाला. वाटेंत खिंडीवरील नाकेदारानें त्यास कांहीं लिहून देण्याची विनंति केली. तेव्हां सुमारें ५,००० अक्षरांचा ग्रंथ त्याच्या हातीं देऊन तो जो गेला तो पुन्हां कोणास दिसला नाहीं. या कथेविषयीं खुद्द इतिहासकारही निःशंक नव्हता. ग्रंथाचें प्राचीनत्व मात्र जमिनीच्या पोटांतून सिद्ध झालें आहे. १९७३ मध्यें चांगशा शहराजवळ मावांगत्वी येथें, इ. स. पूर्व १६८ मधील एका थडग्यांत, रेशमी वस्त्रावर लिहिलेल्या त्याच्या दोन प्रती सांपडल्या. १९९३ मध्यें हूपे प्रांतांत क्वोत्येन येथें, इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराच्या थडग्यांत, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला त्यांतील कांहीं भाग मिळाला. ८१ लहान प्रकरणांच्या या ग्रंथास 'ताओ-ते-चिंग' असें म्हणतात.

या ग्रंथाची शिकवण काय? विश्वांतील सर्व पदार्थ ज्यापासून निघतात, ज्याच्या गतीनें चालतात आणि ज्याकडे परततात, तें तत्त्व म्हणजे ताओ. त्यास नांव देतां येत नाहीं. कारण नांव दिलें कीं मर्यादा आली. मनुष्यानें या गतीशीं झगडूं नये, तिच्या अनुरोधानें वागावें, यास चिनी शब्द 'वू-वेइ' असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'न करणें'. म्हणून पुष्कळांस ही आळशांची विद्या वाटते. वस्तुतः तिचा निषेध बळजबरीस आहे, कर्मास नाहीं. पाणी सर्वांत मऊ. तें खालची जागा पत्करतें. तरीही खडक झिजवितें, हा लाओत्सेचा आवडता दृष्टांत आहे. आपणांस येथें गीतेंतील निष्काम कर्माचें स्मरण होईल. परंतु भेद ध्यानांत घ्यावा. गीतेचा कटाक्ष फलाच्या आसक्तीवर आहे, ताओमताचा कटाक्ष कृतींतील हट्टावर आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकांतील च्वांगत्से या दुसऱ्या आचार्याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत हेंच एका आचाऱ्याच्या गोष्टीनें समजाविलें आहे. हा आचारी बैल कापीत असे. पण १९ वर्षें झालीं तरी त्याच्या सुरीची धार नवीच. त्याचें रहस्य असें कीं, तो हाडावर घाव घालीत नसे. सांध्यांतील मोकळी जागा ओळखून तेथूनच सुरी चालवी. ही दृष्टि एका दिवसांत येत नाहीं. तिच्या मागें वर्षांचा अभ्यास असतो. 'न करणें' किती कष्टसाध्य आहे, हें यावरून दिसेल.

या तत्त्वज्ञानाच्या आधारानें पुढें धर्मसंस्था उभी राहिली. इ. स. १४२ मध्यें सेचवान प्रांतांत चांग ताओलिंग यास लाओत्सेचें दर्शन झालें, असें तो पंथ मानतो. अनुयायांकडून पांच मापें तांदूळ घेतले जात, म्हणून लोकांनीं त्यास 'पांच मापांचा पंथ' असें नांव दिलें. त्याचा नातू चांग लू यानें हानचुंग भागांत राज्यच चालविलें. तेथें वाटसरूंसाठीं धर्मशाळा असून त्यांत तांदूळ व मांस ठेवलेलें असे. ज्यानें त्यानें भुकेपुरतें घ्यावें. लहानसा अपराध करणारानें शंभर पावलें रस्ता दुरुस्त करावा, म्हणजे त्याचा दोष फिटे. ज्यांच्या धर्माचें नांवच 'मार्ग', त्यांनीं प्रायश्चित्त म्हणून रस्ता नीट करावा, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. इ. स. २१५ मध्यें हें राज्य त्साओ त्साओ या सेनापतीस शरण गेलें. पंथ मात्र टिकला. गांवोगांव विधि व उत्सव चालविणारे गृहस्थ पुरोहित आजही आपली परंपरा चांग ताओलिंगापर्यंत नेऊन भिडवितात.

आतां दुसरी बाजू. दीर्घायुष्यासाठीं श्वासाचें नियमन, मिताहार, ध्यान व अंगाच्या संथ हालचाली या साधना ताओपंथांत प्राचीन काळापासून आहेत. परंतु श्रीमंतांस व राजांस एवढा धीर कोठला? त्यांस अमरत्व गोळींत हवें होतें. पारा, हिंगूळ, सोमल इत्यादींपासून किमयागार 'अमृत' सिद्ध करीत. या खटपटींत नवव्या शतकाच्या सुमारास बंदुकीच्या दारूचा शोध लागला. अमृत शोधतांना मृत्यूचें साधन हातीं आलें. त्याच शतकांतील थांग सम्राट वूत्सुंग याची कथा बोलकी आहे. थांग घराणें स्वतःस लाओत्सेचें वंशज म्हणवीत असे. वूत्सुंगानें ताओपंथाच्या अभिमानानें ८४५ मध्यें हजारों बौद्ध मठ मोडून टाकले, आणि ८४६ मध्यें असल्याच औषधांच्या सेवनानें तो ऐन तारुण्यांत मरण पावला. ज्या मतांत बळजबरीस स्थान नाहीं, त्याच्याच नांवानें ही बळजबरी झाली.

याच्या उलट उदाहरण छ्यू छूची ऊर्फ छांगछुन याचें आहे. बाराव्या शतकांत वांग छुंगयांग यानें स्थापिलेल्या, ब्रह्मचर्य व ध्यान यांवर भर देणाऱ्या छ्वानचेन पंथाचा हा आचार्य. त्याची कीर्ति ऐकून चेंगीझखानानें त्यास बोलावणें धाडिलें. सत्तरी उलटलेला हा वृद्ध १२२० मध्यें शांतुंग प्रांतांतून निघाला आणि १२२२ मध्यें हिंदुकुश पर्वताच्या परिसरांत खानाच्या छावणींत पोंचला. अर्धें जग जिंकीत असलेल्या त्या पुरुषानें पहिलाच प्रश्न केला तो अमरत्वाच्या औषधाविषयीं. खोटें सांगणें सोपें होतें, आणि खरें सांगण्यांत मान जाण्याचें भय होतें. छांगछुनानें सांगितलें कीं, आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारें औषध नाहीं. खान रागावला नाहीं. उलट त्याच्या सरळपणावर संतुष्ट झाला. पुढील भेटींत आचार्यानें त्यास हत्या आंवरण्याचा व संयमाचा उपदेश केला. १२२३ मध्यें त्याच्या पंथास करमाफी मिळाली. परत आल्यावर त्या सनदेच्या आश्रयानें त्यानें गुलामगिरींतून व मृत्यूच्या दाढेंतून सोडविलेल्या लोकांची संख्या युआन घराण्याच्या इतिहासांत वीस-तीस हजार अशी दिली आहे. १२२७ मध्यें तो वारला. पेकिंगच्या श्वेतमेघ मंदिरांत त्याची समाधि आहे.

पुढेंही या पंथानें बरे-वाईट दिवस पाहिले. १२८१ मध्यें कुब्लाईखानानें 'ताओ-ते-चिंग' खेरीज इतर ताओग्रंथ जाळण्याची आज्ञा केली. तरीही १४४५ मध्यें मिंग राजवटींत प्रचंड ताओग्रंथसंग्रह छापून निघाला. त्याची श्वेतमेघ मंदिरांत जपलेली प्रत आधारास घेऊन १९२३ ते १९२६ या काळांत शांघाय येथें त्याचें पुनर्मुद्रण झालें. १९६६ ते १९७६ या दहा वर्षांच्या सांस्कृतिक क्रांतींत मंदिरें बंद पडलीं, मूर्ति फुटल्या, पुरोहितांस वस्त्रें टाकावीं लागलीं. त्यानंतर मंदिरें हळूहळू उघडलीं, आणि श्वेतमेघ मंदिरांत पुन्हां धूप जळूं लागला.

श्रोतेहो, वूत्सुंगापाशीं सत्ता होती, धन होतें, औषधें सिद्ध करणारे लोक होते; छांगछुनापाशीं यांपैकीं कांहीं नव्हतें. एकानें ताओ हस्तगत करण्याचा यत्न केला. दुसरा त्यावरून दोन वर्षें पायीं-घोड्यावर चालत गेला, आणि शेवटीं खानास खरें तें सांगून मोकळा झाला. 'ताओ' या शब्दाचें भाषांतर 'मार्ग' असें करावें, हा ह्युएनत्संगाचा आग्रह मला या कारणानें पटतो.